तक्रार केली म्हणून काढलं, तर कायदा कुठे उभा राहतो?

प्रश्न असा आला आहे : "मी अंबड एमआयडीसीत एका प्रेस शॉपमध्ये क्वालिटीला आहे. हुद्दा सुपरवायझर, पगार चोवीस हजार, नऊ वर्षं झाली. उत्पादन वाढावं म्हणून दोन पॉवर प्रेसचे, हात आत आला की मशीन थांबवणारे सेन्सर बायपास करून ठेवलेत. मागच्या महिन्यात ठेकेदाराकडच्या एका पोराची दोन बोटं गेली. पेठ तालुक्यातला पोरगा. त्याला खासगी दवाखान्यात नेलं, अपघाताची नोंद केली नाही. ठेकेदाराच्या पोरांचा पगार बँकेत पूर्ण जमा होतो, पण एटीएम कार्डं ठेकेदाराच्या खिशात असतात. मी बोललो तर मला काढतील. बायको म्हणते गप्प बसा, दोन मुलांची शाळा आहे. मला वाचवणारा कायदा आहे का? निनावी तक्रार करू का?"

भाऊ, बावीस वर्षं मी नाशिकच्या कामगार न्यायालयात आणि औद्योगिक न्यायालयात कामगारांची बाजू मांडते आहे. हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी घेऊन येतं. बहुतेक जण काढून टाकल्यानंतर येतात. तुम्ही आधी विचारलंत, त्यामुळे तुमच्या हातात अजून बरंच काही आहे.

सरळ उत्तर आधी देते. खासगी कारखान्यातल्या माणसाने खरं सांगितलं म्हणून त्याला कुणी हात लावायचा नाही, असा एक सलग कायदा आपल्याकडे नाही. आहेत ते वेगवेगळ्या कायद्यांतले तुकडे. हे तुकडे तुमच्या कामी येतील की नाही, हे तुम्ही किती खरं बोलता यापेक्षा तुम्ही कोणती गोष्ट कोणत्या तारखेला केली यावर जास्त ठरतं. तुमची तक्रार आधी आणि मालकाची कारवाई नंतर, हा क्रम कागदावर दिसला पाहिजे. माझ्याकडची जिंकलेली आणि हरलेली प्रकरणं शेजारी ठेवली तर फरक बहुधा याच एका गोष्टीचा निघतो.

'व्हिसलब्लोअर कायदा' असं नाव तुम्ही ऐकलं असेल. संसदेने तो केला, ९ मे २०१४ ला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली, पण तो अंमलात आणणारी अधिसूचना निघालेली नाही. निघाली असती तरी तो सरकारी कामातल्या भ्रष्टाचारापुरता आणि अधिकाराच्या गैरवापरापुरता आहे. तुमचा प्रेस शॉप त्यात बसत नाही. त्याच्या आधीचा, आजही चालू असलेला आधार म्हणजे २००४ चा केंद्र सरकारचा ठराव. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले तरुण अभियंते सत्येंद्र दुबे यांनी कामातला भ्रष्टाचार थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवला होता आणि आपलं नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली होती. ते पत्र नावासकट फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांची हत्या झाली. त्यातून हा ठराव आला आणि केंद्रीय दक्षता आयोगाकडे तक्रारदाराचं नाव झाकून ठेवण्याची जबाबदारी आली. ओझरच्या एचएएल या केंद्र सरकारच्या विमान कारखान्यात, नाशिकरोडच्या दोन्ही सरकारी छापखान्यांत किंवा एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेत कुणी हे वाचत असेल तर त्याच्या उपयोगाची गोष्ट सांगते. तक्रार पोस्टानेच पाठवायची, बंद पाकिटात, पाकिटावर 'सार्वजनिक हित प्रकटीकरणाखालील तक्रार' असं लिहून. पाकिटावर स्वतःचं नाव-पत्ता अजिबात टाकायचा नाही. नाव आत, पत्रात. बिननावाचं पत्र या ठरावाखाली घेतच नाहीत. महापालिका, जिल्हा परिषद, राज्य सरकारची खाती या ठरावात येत नाहीत. तिथल्या लाचेसाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आहे, १०६४ या क्रमांकावर.

आता तुमच्याकडे वळते. आधी निनावीचं.

निनावी तक्रारीचा मोह मला कळतो. पण नीट विचार करा. उद्या मालकाने तुम्हाला काढलं आणि तुम्ही न्यायालयात म्हणालात की तक्रार केल्याच्या आकसाने काढलं, तर मालकाचा वकील पहिला प्रश्न विचारेल : "तक्रार यांनी केली हे आमच्या अशिलाला माहीत असल्याचा पुरावा काय?" निनावी पत्राने तुम्ही हा पुरावा आपल्याच हाताने पुसलेला असतो. मालकाला मात्र आतून कळलेलं असतं. पन्नास-साठ माणसांच्या शॉपमध्ये सेन्सरचं कोण बोलतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणजे त्याला माहीत आहे, पण माहीत असल्याचं सिद्ध करता येत नाही, अशी तुमची कोंडी होते.

म्हणून माझं मत ठाम आहे. लपायचं असेल तर पूर्ण लपा. घरी, मित्राला, चहाच्या टपरीवर, कुठेही एक शब्द नाही, आणि पत्रात असा तपशील नाही जो फक्त तुम्हालाच ठाऊक असू शकतो. हे जमणार नसेल तर उघड या, तेही कागदासह, नावासह, शिक्क्यासह. अर्धवट लपलेला माणूस सगळ्यात आधी सापडतो आणि त्याच्या बाजूने कायदाही कमीत कमी उभा राहतो. तुमच्या बाबतीत, क्वालिटीचा माणूस असल्यामुळे आणि तुम्ही आधीच तोंडी बोलून बसला असाल असं पत्रावरून वाटतं म्हणून, मी उघड येण्याच्या बाजूची आहे.

दुसरी गोष्ट तुमच्या हुद्द्याची. ही किचकट आहे पण यावर तुमची सगळी केस टेकलेली आहे. कामगार कायद्यांचं संरक्षण 'कामगारा'ला मिळतं. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात देखरेखीचं काम करणारा आणि दहा हजारांच्या वर पगार घेणारा माणूस कामगार धरला जात नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेत ही मर्यादा अठरा हजार आहे. तुमचा पगार चोवीस. मग तुम्ही बाहेर का? तसं नाही. पगार तेव्हाच मोजला जातो जेव्हा तुमचं मुख्य काम देखरेखीचं असतं. न्यायालयं आजवर सातत्याने सांगत आली आहेत की पत्रावरचा हुद्दा नव्हे, माणूस दिवसभर प्रत्यक्ष काय करतो ते बघायचं. तुम्ही व्हर्नियर घेऊन पार्ट मोजता का? गेज लावता का? इन्स्पेक्शन रिपोर्ट स्वतः भरता का? मग ते तांत्रिक काम आहे आणि तुम्ही कामगार आहात, पगार कितीही असो. की तुम्ही कुणाची रजा मंजूर करता, कुणाला मेमो देता, कुणाचं इन्क्रिमेंट सुचवता? मग अवघड आहे.

माझ्याकडे असे किती तरी 'सुपरवायझर', 'ऑफिसर', 'एक्झिक्युटिव्ह' आलेत ज्यांच्या हाताखाली एकही माणूस नव्हता. हुद्दा फुकट मिळतो म्हणून माणसं खूश होतात आणि कायद्याच्या कुंपणाबाहेर जाऊन बसतात. तेव्हा आजपासून एक करा. रोज काय काम केलं त्याच्या चार ओळी घरच्या वहीत लिहा, तारीख टाकून. सहा महिन्यांनी तुम्हाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उलटतपासणीला उभं राहावं लागलं तर ही वही तुमची आठवण होईल.

कामगार ठरलात, तर महाराष्ट्रात आपल्याकडे एक चांगलं हत्यार आहे. १९७१ चा कायदा, ज्याला आम्ही सगळे बोलताना 'युएलपी' म्हणतो, अनुचित कामगार प्रथांना आळा घालणारा. त्याच्या चौथ्या अनुसूचीतल्या पहिल्या बाबीत काय काय आहे पाहा : आकसाने कामावरून काढणं, अधिकाराचा देखावा करून वाईट हेतूने काढणं, खोट्या फौजदारी प्रकरणात गुंतवून काढणं, उघड उघड खोटी कारणं दाखवून काढणं, नैसर्गिक न्याय, म्हणजे बाजू मांडायची पुरती संधी देण्याचा नियम, धाब्यावर बसवून घाईघाईत चौकशी उरकून काढणं. तिसऱ्या बाबीत, व्यवस्थापनाच्या धोरणाचं नाव पुढे करून वाईट हेतूने केलेली बदली. काढून टाकल्याची तक्रार कामगार न्यायालयात, बदलीची औद्योगिक न्यायालयात. मुदत ९० दिवस. ही मुदत लक्षात ठेवा. 'साहेब म्हणालेत बघू, दिवाळीनंतर परत घेऊ' या आशेवर माणसं चार-चार महिने थांबतात. उशीर माफ करून घेता येतो, पण त्यासाठी सबळ कारण द्यावं लागतं, आणि मालकाच्या तोंडी आश्वासनाला पुरावा नसतो. नव्या औद्योगिक संबंध संहितेने तीन केंद्रीय कायदे रद्द केले, त्या यादीत आपला हा राज्याचा कायदा नाही. संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीतही आकसाने काढणं आणि वाईट हेतूने बदली करणं या अनुचित प्रथाच आहेत. कोणत्या दारातून आत जायचं ते तक्रार दाखल करायच्या दिवशी वकिलाला तपासू द्या. हक्क दोन्हीकडे आहे.

या कायद्याचं खरं बळ अंतरिम आदेशात आहे. निकाल लागायला वर्षं जातात, पण बदलीला किंवा काढण्याला तात्पुरती स्थगिती पहिल्या काही तारखांत मागता येते. आणि ती मिळणं न मिळणं बहुतेक वेळा दोन कागदांवर ठरतं.

एक प्रकरण सांगते, ओळख पटेल असं काही न सांगता. सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरला असलेले गृहस्थ. भंगाराच्या गाड्यांचं वजन कमी दाखवून माल बाहेर जातो हे त्यांना दिसलं. त्यांनी दीड पानाचं पत्र लिहिलं, साध्या मराठीत, गाडीचा नंबर, गेट पासचा नंबर, काट्याची पावती, तारीख, एवढंच. कुणाला चोर म्हटलं नाही. पत्र डिस्पॅचच्या खिडकीत दिलं आणि झेरॉक्सवर शिक्का मागितला. खिडकीतल्या मुलाने सवयीने शिक्का मारला, इनवर्ड नंबर टाकला, तारीख टाकली : ११. चौदा तारखेला त्यांच्या हातात रुद्रपूरच्या प्लांटला बदलीचं पत्र आलं, उत्तराखंडला, चार दिवसांत हजर व्हा. पंधरा वर्षांत स्टोअरमधून कुणाचीही रुद्रपूरला बदली झालेली नव्हती. न्यायालयात मी दोन कागद शेजारी ठेवले, ११ चा आणि १४ चा. कंपनीच्या वकिलांनी 'प्रशासकीय गरज' हा शब्द सात-आठ वेळा वापरला. ती गरज १० तारखेला कुठे होती, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. बदलीला स्थगिती मिळाली. तो झेरॉक्सचा कागद अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे, शिक्का थोडा तिरका, शाई फिकट, पण तारीख वाचता येणारी.

आता उलटं उदाहरण. एका पतसंस्थेत हिशेब बघणारी मुलगी. ठेवीदारांच्या पैशात गडबड आहे हे तिच्या लक्षात आलं, आणि ते खरंच होतं. तिने कुणालाही पत्र दिलं नाही. एका रात्री अस्वस्थ होऊन गावातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, संचालकांची नावं घेऊन. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली, आठवड्यात अब्रुनुकसानीची नोटीस आली. संस्थेचा घोळ नंतर लेखापरीक्षणात निघालाच, पण तिची केस 'गोपनीय माहिती बाहेर फोडली' या आरोपाभोवती फिरत राहिली. शेवटी काही रक्कम घेऊन तडजोड केली. मला त्या मुलीचं आजही वाईट वाटतं. माहिती खरी होती, माणूस खरं होतं, फक्त चुकीच्या दारावर आधी थाप मारली.

हा फरक कायद्यातच आहे. अब्रुनुकसानीच्या कलमाला अपवाद आहेत. ज्याला त्या विषयात कायदेशीर अधिकार आहे अशा माणसाकडे सद्भावनेने केलेली तक्रार अब्रुनुकसानी ठरत नाही. जुन्या दंड संहितेत हा अपवाद होता, भारतीय न्याय संहितेतही तो आहे. कारखाना निरीक्षकाला लिहिलेलं पत्र या अपवादात बसतं. फेसबुकची पोस्ट बसत नाही. काक्रापार अणुवीज केंद्रातल्या एका कर्मचाऱ्याने पुराच्या वेळी केंद्रात जे घडलं ते वर्तमानपत्राला कळवलं, त्याला नोकरीवरून काढलं, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई कायम ठेवली. वर्तमानपत्राची दारं बंद आहेत असं मी म्हणत नाही. पण अधिकाऱ्यांची दारं ठोठावल्याच्या पोचपावत्या हातात नसताना तिकडे जाऊ नका.

पुराव्याचं बोलते, कारण इथे माणसं स्वतःचं नुकसान स्वतः करून घेतात. शॉपमध्ये मोबाइल न्यायला बंदी असेल आणि तुम्ही चोरून सेन्सरचा व्हिडिओ काढला, तर उद्याची चार्जशीट, म्हणजे कंपनीचं आरोपपत्र, त्या मोबाइलवरच येईल, आणि तो आरोप खराही असेल. कंपनीच्या मेलवरून स्वतःच्या जीमेलवर ड्रॉइंग, ग्राहकाच्या फाइल्स पाठवू नका. मूळ कागद उचलून घरी आणू नका. तुमच्या जागेवर याची गरजही नाही. क्वालिटीच्या माणसाचं कामच नोंद करण्याचं आहे. शिफ्टच्या लॉगबुकात लिहा : 'प्रेस क्रमांक ४, लाइट कर्टन बंद अवस्थेत, सकाळी ७.४०, मेंटेनन्सला कळवलं.' (लाइट कर्टन म्हणजे तोच हात ओळखणारा सेन्सर.) रोज लिहा, दिसेल तितक्याच वेळा लिहा, विशेषणं लावू नका. हे लिहिणं तुमचं कर्तव्य आहे, त्यासाठी तुम्हाला शिक्षा करता येत नाही. आणि लॉगबुक त्यांच्याकडे राहिलं तरी चालेल, न्यायालयामार्फत ते हजर करायला लावता येतं. त्यांनी आणलं नाही तर न्यायालय त्यातून त्यांच्याविरुद्ध अर्थ काढू शकतं. मेंटेनन्सच्या माणसाने व्हॉट्सअ‍ॅपवर 'राहू दे, प्रॉडक्शन अडेल' असं उत्तर दिलं असेल तर ते पुसू नका, फोनही विकू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र जोडून ते दाखल करता येतं, पण त्यासाठी मूळ फोन असलेला बरा.

मग पहिलं पत्र कुणाला? मालकाला, कारखाना व्यवस्थापकाला, आणि त्याच दिवशी त्याची प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या नाशिक कार्यालयाला. दोन्हीकडे एकाच दिवशी का, तर हे तुमचा हक्क म्हणून कायद्याने दिलेलं आहे. जिवाला किंवा शरीराला तातडीचा धोका आहे असं वाजवी कारणाने वाटलं, तर कामगाराने ते मालकाच्या लक्षात आणून द्यावं आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवावं, अशी तरतूद व्यावसायिक सुरक्षा संहितेत सगळ्या आस्थापनांसाठी आहे. पूर्वी अशी तरतूद कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांपुरती होती. पत्रात तोच शब्द वापरा : तातडीचा धोका. हातोहात दिलं आणि शिक्का मिळाला तर उत्तम. खिडकीत घेत नसतील तर स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह, आणि शिवाय मेलने. पावतीचा फोटो काढा, शाई सहा महिन्यांत उडते.

तुमची कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, लोकांकडून ठेवी घेत असेल किंवा बँकांचं पन्नास कोटींच्या वर कर्ज असेल, तर कंपनी कायद्याच्या कलम १७७ खाली तिला अंतर्गत दक्षता यंत्रणा ठेवावीच लागते आणि तक्रारदाराचा छळ होणार नाही याची तजवीज करावी लागते. तुमचा लहान प्रेस शॉप यात बसणार नाही असं वाटतं. पण तुम्ही ज्या मोठ्या वाहन कंपनीला माल देता, तिच्या संकेतस्थळावर तक्रार यंत्रणा बघा. बऱ्याच मोठ्या कंपन्या पुरवठादाराच्या कामगारांचीही तक्रार घेतात, आणि ग्राहकाचा एक फोन आला की बायपास केलेला सेन्सर दुसऱ्या दिवशी सुरू झालेला मी पाहिला आहे.

एटीएम कार्डांचा विषय वेगळ्या पत्रात ठेवा, एकात घालू नका. तो कामगार आयुक्त कार्यालयाचा विषय आहे. ठेकेदार पूर्ण मजुरी देत नसेल तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, हे कायदा स्पष्ट सांगतो. म्हणून मालक या तक्रारीने जास्त चिडेल हेही समजून असा. इथे तुम्ही एकटे पुढे जाऊ नका. ज्यांची कार्डं गेली आहेत त्यातली तीन-चार पोरं सही करायला तयार असतील तरच जा. पासबुकात महिन्याच्या सात तारखेला पगार जमा आणि त्याच संध्याकाळी एकाच एटीएममधून बारा जणांचे पैसे काढलेले, हे बँकेच्या उताऱ्यांवरून दिसतं. त्याहून बोलका पुरावा मी शोधायला सांगणार नाही. शॉपमध्ये युनियन असेल तर तिच्याकडे जा. एकट्याची तक्रार मालकाला त्या माणसाची कुरकुर वाटते, सात सह्यांची तक्रार तो वकिलाला दाखवतो.

पत्र गेल्यावर काय होईल ते सांगते, म्हणजे घाबरायला होणार नाही. पहिल्या आठवड्यात कदाचित काहीच होणार नाही. मग एखाद्या दुपारी एचआरच्या केबिनमध्ये बोलावतील. दार लावतील. पाणी विचारतील. टेबलावर टाइप केलेला राजीनामा असेल, 'वैयक्तिक कारणास्तव'. म्हणतील, सही केली तर फुल अँड फायनल, म्हणजे सगळा हिशेब, आजच, अनुभवाचं पत्रही चांगलं देऊ. नाही केली तर चोरीची केस. दोन-अडीच तास बसवतील. या केबिनमध्ये माझे सगळ्यात जास्त अशील हरले आहेत, न्यायालयात नव्हे. सही करू नका. 'घरी विचारून सांगतो' म्हणा आणि उठा. उठू देत नसतील तर ११२ लावा. दडपणाखाली सही झालीच, तर त्याच दिवशी रात्री बाराच्या आत मेल करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्पीड पोस्ट : माझ्याकडून जबरदस्तीने सही घेतली आहे, राजीनामा मला मान्य नाही, मी कामावर हजर व्हायला तयार आहे. आठ दिवसांनी लिहिलेल्या याच वाक्याला फारशी किंमत राहत नाही.

राजीनामा मिळाला नाही तर 'गेट बंद' करतील. सिक्युरिटी म्हणेल, वरून सांगितलंय. तिथे हुज्जत घालू नका, पण रोज शिफ्टच्या वेळेला गेटवर जा, निदान चार-पाच दिवस, आणि रोज मेल करा की आज सकाळी साडेसहाला आलो, आत सोडलं नाही. नाहीतर महिन्याभराने 'गैरहजर राहिला म्हणून नाव कमी केलं' असं उत्तर येईल. सस्पेंड केलं तर घाबरू नका, सस्पेन्शन म्हणजे काढणं नव्हे. पहिले ९० दिवस निम्मा पगार आणि त्यानंतर, उशीर तुमच्यामुळे झालेला नसेल तर, पाऊणपट पगार भत्ता म्हणून मिळाला पाहिजे. चार्जशीटचं उत्तर मुदतीत द्या आणि चौकशीत प्रत्येक तारखेला हजर राहा. चौकशी अधिकारी मालकाचा माणूस आहे असं वाटलं तरी जा, कारण न जाणाऱ्याची चौकशी एकतर्फी होते आणि मग नैसर्गिक न्यायाचा मुद्दा निम्मा संपतो.

वहिनींचं म्हणणं चुकीचं नाही. काढलं तर पहिले सहा महिने कसे काढायचे याचा हिशेब पत्र देण्याआधी दोघांनी बसून करा, त्यांना सगळं सांगून करा. माझ्याकडे एकटे आलेले पुरुष लवकर खचतात, बायकोला घेऊन आलेले टिकतात. वकिलाच्या फीमुळे थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्नाची अट न घालता. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, १५१०० वर फोनही करता येतो.

जिवाची भीती हा शब्द तुम्ही लिहिला नाहीत, पण आपल्या जिल्ह्यात तो टाळून चालत नाही. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ पानेवाडीला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधनात भेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळलं. ते अधिकारी होते, हातात सत्ता होती. म्हणून धमकी आली तर ती 'रागात बोलला असेल' म्हणून सोडू नका. तारीख, वेळ, शब्द जसेच्या तसे लिहा आणि पोलीस ठाण्यात लेखी द्या. पोच घ्या. गंभीर गुन्ह्यांतल्या साक्षीदारांसाठी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेली २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना आहे, जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करता येतो. तुमचं प्रकरण तिथवर जाईल असं मला दिसत नाही. पण रात्री-अपरात्री ओव्हरटाइमला एकटं थांबणं काही दिवस टाळा.

आणि हे सगळं करण्याआधी, या रविवारी, एक काम करा. त्या पेठच्या पोराला शोधा. तुमच्या पत्रात त्याच्याबद्दल दोनच ओळी आहेत, पण तुमच्या तक्रारीचं सगळं वजन त्याच्या हातावर आहे. अपघातामुळे कामगार ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही तर कारखान्याने निरीक्षकाला कळवणं बंधनकारक आहे. ते कळवलेलं नसणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. त्याचा पगार एकवीस हजारांच्या आत असणार, म्हणजे तो ईएसआयमध्ये, कर्मचारी राज्य विमा योजनेत, असायला हवा होता. ठेकेदाराने त्याचं नाव चढवलं नसेल तरी त्याचा हक्क बुडत नाही, ईएसआय महामंडळ त्याला लाभ देऊन मालकाकडून वसूल करू शकतं. हे त्याला कुणी सांगितलेलं नसेल. त्याच्या हातात पाच-दहा हजार टेकवून कुठल्या तरी कागदावर अंगठा किंवा सही घेतली असेल, तर तो कागद कसा होता, कोण कोण हजर होतं, हे त्याच्याकडून विचारून घ्या. खासगी दवाखान्याची चिठ्ठी, एक्स-रे, औषधांची बिलं त्याच्या घरी कुठल्या तरी पिशवीत असतील. त्यावर तारीख असेल. दवाखान्यात काय कारण लिहिलंय ते बघा. 'घरी पडून दुखापत' असं लिहिलं असेल तर मला लगेच कळवा, त्याचा मार्ग वेगळा आहे. पिशवी त्याच्याकडेच राहू द्या, फक्त प्रत्येक कागदाचा फोटो घ्या, आणि त्याला व त्याच्या वडिलांना घेऊन सोमवारी सातपूरच्या ईएसआय रुग्णालयात जा. तुमचं पत्र मंगळवारी दिलं तरी चालेल.